'चेसिंग कोरल' : चित्रपटाने न विचारलेला प्रश्न

वर्धा जिल्ह्यातून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र पाचशे किलोमीटरच्या आत लागत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना प्रवाळ भेटतो तो पुस्तकातील आकृतीत, नाहीतर कुणाच्या अंगठीतल्या पोवळ्यात. म्हणूनच जेफ ऑर्लोव्स्की यांचा 'चेसिंग कोरल' (२०१७) हा माहितीपट शाळेत दाखवावा, असे आम्ही सुचवतो.

प्रवाळाच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल त्याला अन्न पुरवते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जाते आणि पारदर्शक ऊतींतून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर हे घडत असताना या चमूने ते टिपले. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी दगा दिला, तेव्हा रोज बुडी मारून त्याच जागांची छायाचित्रे घेतली. निरीक्षणातील चिकाटी म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा मिळणे कठीण.

या चमूतील तंत्रज्ञ झॅक रॅगो हा कोलोरॅडोचा. तिथेही समुद्र नाही. तो घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळतो. चित्रपटाला त्याचे प्रेम दिसते. मात्र अशा टाक्यांतला प्रवाळ येतो कुठून, हे तो विचारत नाही. आमच्या मते ही त्याची मोठी उणीव आहे.

प्रवाळ मुकुलनाने वाढतो. फांदी तोडून दगडावर चिकटवली, की तिची नवी वसाहत होते. आपण शेजाऱ्याला पानफुटीचे पान देतो, तसे जबाबदार छंदिष्ट एकमेकांना तुकडे देतात. त्यामुळे समुद्रातून तोड करावी लागत नाही. परंतु नव्या, दुर्मिळ रंगाला किंमत मिळू लागली, की हात पुन्हा समुद्राकडे वळतो. निळ्या दिव्याखाली चमकणारा प्रवाळ या छंदात विशेष मानाचा. आणि याच चित्रपटात न्यू कॅलेडोनियाचा तापलेला प्रवाळ मरणापूर्वी झगझगीत रंगांनी उजळतो. चमक म्हणजे आरोग्य नव्हे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

भारतात २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. टाकीत वाढवलेल्या तुकड्याने कुणाचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण तुकडा टाकीतला की गेल्या आठवड्यात खडकावरून तोडलेला, हे दुकानात उभे राहून ओळखता येत नाही. म्हणून हा कडकपणा आम्हाला योग्य वाटतो. शिवाय टाकीचे पाणी थंड ठेवता येते, समुद्राचे नाही. टाक्या कितीही भरल्या तरी त्यांतून समुद्रातली प्रवाळभित्ती वाचत नाही.

महाराष्ट्रातला प्रवाळ पाहायचा तर मालवण आहे. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सहल गेलीच, तर मुलांनी पाहावे आणि रिकाम्या हाताने परतावे. चित्रपट संपल्यावर वर्गात एकच प्रश्न विचारावा : 'हा तुकडा आला कुठून?' शिंपले, शंख आणि पोवळे यांनाही तो तितकाच लागू आहे.