‘ओके’ची व्युत्पत्ती : दंतकथा आणि दाखला

शब्दाची व्युत्पत्ती शोधताना ध्वनिसाम्य आणि अर्थसाम्य ही दोन साधने अभ्यासकाच्या हाती प्रथम येतात आणि पुष्कळदा तीच त्याची दिशाभूल करतात. इंग्रजीतील ‘ओके’ हा दोन अक्षरी शब्द याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन हे त्याचे मूळ चोक्टॉ या आदिवासी भाषेत मानीत आणि म्हणून ‘ओकेह’ असे लिहीत. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या अशुद्ध लेखनातून तो जन्मला, ही आख्यायिका तर त्यांच्या विरोधकांनीच पसरविली.

या गोंधळाचा निरास ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मधील लेखमालेत केला. त्यांनी शब्दाकडे न पाहता प्रथम वृत्तपत्रांकडे पाहिले. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ओ. के.’ ही अक्षरे ‘ऑल करेक्ट’ या स्पष्टीकरणासह आढळतात. त्या काळी बॉस्टनमध्ये मुद्दाम अशुद्ध लिहून आद्याक्षरे घेण्याची थट्टेखोर टूम होती. ‘ऑल राइट’चेही ‘ओ. डब्ल्यू.’ झाले होते. पुढे १८४० च्या निवडणुकीत किंडरहुक गावचे मार्टिन व्हॅन ब्यूरन यांचे ‘ओल्ड किंडरहुक’ हे टोपणनाव त्याच आद्याक्षरांशी जुळले. व्हॅन ब्यूरन पराभूत झाले. शब्द मात्र टिकला. एकाकी दाखल्यापेक्षा त्याच जातीच्या रूपांचा असा समूह सापडणे, हेच रीड यांच्या सिद्धान्ताचे खरे बळ आहे.

तथापि या पद्धतीलाही मर्यादा आहे. डेव्हिड डॅल्बी यांनी १९७० च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेच्या ‘वाव के’ या होकाराकडे लक्ष वेधले. गुलामगिरीत जखडलेल्यांचे बोलणे वृत्तपत्रे क्वचितच नोंदवीत. तेव्हा केवळ नोंद नाही म्हणून शब्द नव्हता, असे म्हणता येत नाही. परंतु नोंदीचा अभाव हा विरुद्ध पुरावा नसला, तरी तो अनुकूल पुरावाही ठरत नाही. ज्यांच्यावर इतिहासाने अन्याय केला, त्यांना न्याय देण्याची इच्छा कितीही उचित असली, तरी तिने दाखल्याची उणीव भरून निघत नाही.

शिवाय उगम कळला म्हणजे अर्थ कळला, असेही नव्हे. ‘सर्व बिनचूक’ या अर्थाची थट्टा आज संमती, संभाषणाचा दुवा आणि ‘जेमतेम चांगले’ अशी मोजकी प्रशंसाही व्यक्त करते. मराठी वाचकास यात नवल वाटू नये. ‘बरे, निघतो’ यातील ‘बरे’ संमतीचे आहे. ‘नाटक बरे होते’ यातील ‘बरे’ स्तुती आखडती घेणारे आहे. हा अर्थविस्तार आद्याक्षरांतून निघत नाही, तो वापरातून घडतो. शब्दाचा जन्म दाखल्याने सिद्ध करावा लागतो. त्याचे पुढील आयुष्य मात्र बोलणाऱ्यांच्या गरजेतच शोधावे लागते.