आलंबनाविना उद्दीपन : दयानिता सिंग यांच्या खोल्यांची छायाचित्रे

मराठी समीक्षेत 'वातावरण' ही संज्ञा प्रामुख्याने कथा-कादंबरीच्या विवेचनात येते, आणि तेथेही ती पात्रांच्या सेवेत राबते. ओसरी, माजघर, संध्याकाळचा अंधूक उजेड यांनी पात्राच्या मनःस्थितीला उठाव द्यावा, एवढीच अपेक्षा असते. पात्रच नाहीसे झाले तर वातावरणाचे काय होते? दयानिता सिंग (जन्म १९६१) यांची घरांतर्गत अवकाशांची कृष्णधवल छायाचित्रे हा प्रश्न उपस्थित करतात. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि न्यूयॉर्क येथील छायाचित्रण संस्थेत शिक्षण घेतल्यावर सिंग काही काळ वृत्तछायाचित्रणात होत्या. पुढे त्या सुस्थित भारतीय कुटुंबांच्या घरांकडे वळल्या. 'प्रायव्हसी' (२००४) या पुस्तकात प्रथम ही कुटुंबे आपल्या दिवाणखान्यांत दिसतात. नंतर माणसे ओसरत जातात आणि खोल्या उरतात. 'चेअर्स'मध्ये (२००५) खुर्च्याच आहेत, तर 'गो अवे क्लोजर' (२००७) कोणत्याही मजकुराविना आपल्यापुढे येते.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत या क्रमाचे वर्णन नेमके करता येते. विभावाचे दोन प्रकार मानले आहेत : ज्याच्या आश्रयाने भाव जागा होतो ते आलंबन, आणि त्या भावाला चेतवणारी परिस्थिती हे उद्दीपन. नायक-नायिका आलंबन, चांदणे, उपवन, एकांत हे उद्दीपन. सिंग यांच्या छायाचित्रांत आलंबन काढून घेतलेले आहे, तरीही भाव विझत नाही. याचे कारण असे की, उद्दीपनच आलंबनाची जागा घेते. गादीवरचा पोचा, भिंतीवरील तसबीर, अर्धवट ओढलेला पडदा या वस्तू आता कोणाच्या तरी विरहाची पार्श्वभूमी राहत नाहीत. विरह त्यांचाच होतो.

हे केवळ विषयनिवडीने साधत नाही. खिडकीतून आलेला उजेड खोलीत शिरताच झपाट्याने क्षीण होतो. डोळा बुबुळ लहानमोठे करून कोपरे वाचतो. फिल्मला मात्र एकच मात्रा स्वीकारावी लागते. उजळ भाग राखावा तर कोपरे काळोखात जातात, कोपरे उघडावेत तर खिडकी पांढरी फट्ट पडते. काय दिसू द्यावयाचे आणि काय गिळू द्यावयाचे, हा तांत्रिक वाटणारा निर्णय मुळात आशयाचा निर्णय असतो. रंग वजा झाल्यामुळे पडद्याची नवी छपाई आणि जुने लाकूड एकाच करड्या श्रेणीत येतात, व काळाची खूण पुसट होते. चौरस चौकट दृष्टीला एका दिशेने वाहू देत नाही. शिवाय मध्यम आकाराच्या फिल्मचा कॅमेरा पोटाशी धरून वरून पाहिल्याने दृष्टिबिंदू उभ्या माणसाच्या डोळ्यांहून खाली येतो. आपण दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखे नव्हे, तर खोलीतच बसलेल्या माणसासारखे पाहतो.

तथापि एक आक्षेप गांभीर्याने घ्यावयास हवा. अशा छायाचित्रांतील उदासी ही खानदानी फर्निचरकडून उसनी घेतलेली नाही काय? अलाहाबादच्या (आता प्रयागराज) आनंद भवनातील खोली पाहताना आपल्या मनात जे हलते, त्यात छायाचित्राचा वाटा किती आणि नेहरू घराण्याच्या इतिहासाचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. खेरीज 'रिकामी' म्हटलेली खोली कोणीतरी झाडलेली, पुसलेली असते; ते हात चौकटीत येत नाहीत. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर असाच मुका आहे. पण त्याच्याभोवती बोलणारी, भांडणारी माणसे असल्याने ऱ्हासाचा हिशेब मांडला जातो. हा ऱ्हास कोणाचा आणि कोणामुळे, हे नाटक विचारू देते. 'प्रायव्हसी'तील काही चित्रे ते विचारू देत नाहीत. तेथे भाव सुंदर होतो, पण निरुत्तरही होतो.

या आक्षेपाला सिंग यांच्याच पुढील कामातून उत्तर मिळते, असे मला वाटते. 'फाइल रूम'मध्ये (२०१३) त्या दिवाणखान्यातून अभिलेखागारात जातात : कपाटे, फडक्यात बांधलेले गठ्ठे, छतापर्यंत चढलेले कागद. प्रकाशाची जात तीच, माणसांची विरळताही बरीचशी तीच. परंतु येथील उद्दीपन खाजगी स्मृतीचे नाही. प्रत्येक गठ्ठ्यात कोणाचे तरी नाव, कोणाचा तरी दावा बांधलेला असण्याची शक्यता आहे. करड्या छटांत विरत जाणारी ती रांग पाहताना हळहळ वाटते आणि धास्तीही : हे कागद नष्ट झाले तर कोण कोणाचे वारस ठरणार? आनंद भवनात अनुपस्थित माणसाचे नाव सर्वांना ठाऊक असते. अभिलेखागारात ते कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून भावाची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते.

यावरून एक निकष सुचतो. कृष्णधवल खोलीचे चित्र उदास आहे किंवा नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. छटा गडद केल्या की उदासी कोणालाही निर्माण करता येते. चौकटीबाहेर गेलेल्या माणसाविषयी ते चित्र आपल्याला काही विचारावयास लावते काय, हे पाहावयास हवे. आपल्या कथासमीक्षेनेही 'वातावरणनिर्मिती उत्तम साधली आहे' असा शेरा देऊन थांबण्यापूर्वी हाच प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल.