वस्ती आणि वेशीची रेषा

मराठी समीक्षेने वस्तीला दीर्घकाळ कथानकाची ‘पार्श्वभूमी’ एवढेच स्थान दिले. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेने ही समजूत खोटी ठरवली. तेथे परक्या शहरात डोक्यावर छप्पर मिळण्यासाठी जात लपवावी लागते. गावकुसाची वेस नगरातही माणसाची पाठ सोडत नाही.

दिल्लीतील मयूर विहार या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आणीबाणीच्या काळात झोपडपट्ट्यांतून उठवलेल्यांसाठी यमुनेपलीकडे त्रिलोकपुरी वसवली गेली. पुढे तिच्या शेजारीच मयूर विहारच्या सदनिका आणि सहकारी गृहसंस्था उभ्या राहिल्या. एका वस्तीला हा काठ हुकमाने मिळाला, दुसरीने तो हप्ते भरून घेतला. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडात त्रिलोकपुरी होरपळली. मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेवर या दोन वस्त्यांमधला दुवा २०२१ पर्यंत तुटलेला होता. कारण होते मार्गात येणाऱ्या घरांच्या पुनर्वसनाचे.

कृष्णा सोबतींचे उत्तरायुष्य मयूर विहारमध्ये गेले. ‘समय सरगम’ (२०००) या त्यांच्या कादंबरीत महानगरी मध्यमवर्गाचे वार्धक्य सूक्ष्मपणे उमटले आहे. परंतु अशा सदनिकांत रस्त्यापलीकडून रोज कामाला येणाऱ्या बाईच्या नजरेतून हाच परिसर कसा दिसेल? सदनिकेतून रस्ता हे केवळ अंतर असते. तिच्यासाठी ती वेस असते. नागर साहित्याची कसोटी ही वेस दोन्ही बाजूंनी पाहण्यात आहे.