चौदा शब्दांची नीती

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षणसंस्थांतील वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम प्रसृत केले. त्यांचा हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत होऊ नये. प्रबंधातील मजकूर पूर्वप्रसिद्ध मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत जुळल्यास दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत जुळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ६० टक्क्यांपर्यंत जुळल्यास वर्षभर तोही देता येत नाही. त्यापलीकडे नोंदणीच रद्द होते. निरीक्षणे, निष्कर्ष इत्यादी गाभ्याच्या भागांत साम्य मुळीच नसावे, मात्र सर्वज्ञात वा योगायोगाने जुळलेली पदे सलग १४ शब्दांपर्यंत वगळावीत, असेही त्यांत म्हटले आहे. मानदंड शब्दांचा आहे. तेव्हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्याची परीक्षा करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

पहिला प्रश्न असा की, शब्द म्हणजे काय? इंग्रजीत 'फ्रॉम द पेशंट्स इन द हॉस्पिटल' हे सहा शब्द होतात. मराठीत 'रुग्णालयातील रुग्णांकडून' एवढे दोनच शब्द पुरतात, कारण आपले विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात. साहजिकच सलग १४ मराठी शब्दांत तितक्याच इंग्रजी शब्दांपेक्षा पुष्कळ अधिक आशय सामावतो. शिवाय मराठीतील पदक्रम लवचीक असल्यामुळे दोन पदांची अदलाबदल केली की साखळी तुटते आणि अर्थ मात्र जागच्या जागी राहतो. एकच संख्या दोन भाषांना लावली म्हणून न्याय एकच झाला, असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट भाषांतराची. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात. एका भाषेतील निबंध निर्देश न करता दुसरीत उतरविला, तर शब्दाशी शब्द जुळविणाऱ्या यंत्राला त्याचा पत्ता लागणे कठीण. उलट, वैद्यकातील प्रामाणिक निबंधांतही रुग्णांची निवड, लेखी संमती, मापनाची रीत यांचे वर्णन ठरावीक वाक्यांतच होते. तेथे मात्र साम्य फुगत जाते. चोर सुटावा आणि सज्जनाने खुलासा देत बसावे, असा हा प्रकार होय.

परंतु याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. चोरी आणि असत्य हे दोन भिन्न दोष आहेत. लसीकरण व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला निबंध 'लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. त्याचा दोष उसन्या वाक्यांत नव्हता, तर निरीक्षणांच्या विपर्यासात होता. आपल्याकडील उदाहरण पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे. तेथील २००५ सालचा एक निबंध अमेरिकी जीवरसायनशास्त्रीय नियतकालिकाने २००७ मध्ये मागे घेतला. एका प्रयोगाची म्हणून दिलेली चित्रे त्याच गटाच्या आधीच्या निबंधात दुसऱ्या प्रयोगाची म्हणून आली होती, असा आक्षेप होता. चौकशी समितीने फेरफार झाला नसल्याचा निर्वाळा दिला, तर भारतीय विज्ञान अकादमीने २०१० मध्ये विरुद्ध मत घेतले. त्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, सारा वाद चित्रांचा होता. शब्द मोजून त्याचा उलगडा झाला नसता.

आशयाला हात घालणारा मानदंड अशक्य आहे काय? तसे नाही. भारतातील औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ साली उघडली गेली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. काय मोजणार हे चाचणीपूर्वीच जाहीर केल्यावर, मागाहून सोयीचे तेवढे मोजणे लपत नाही. तीच दृष्टी आपल्या विभागांनाही स्वीकारता येईल. प्रबंधासोबत मूळ नोंदवह्या, मुलाखतींची टिपणे आणि मोजमापांचे तक्ते मागवावेत. परीक्षकाने त्यांतील काही निवडून ताडून पाहावेत. आणि तोंडी परीक्षेत त्यांवरच प्रश्न विचारावेत.

याला वेळ लागेल, हे खरे. टक्केवारीचे प्रमाणपत्र क्षणात मिळते, आणि तेच त्याचे आकर्षण आहे. परंतु वैद्यकीय निबंधाच्या शेवटी कोणा रुग्णाचे औषध ठरत असते. मार्गदर्शकाने आणि परीक्षकाने प्रबंध वाचावयाचा असतो; त्या वाचनाचे काम यंत्रावर सोपविले, तर उरते ती केवळ शब्दांची मोजणी.