नाट्यशाळेंतील वार्ताहर

आमच्या वारंगा फाट्यावर निरनिराळ्या वाटांनीं आलेले उतारू चहाबरोबर बातमीहि घेऊन बसतात. डोळ्यांनीं पाहिलेल्याचें बोलणें वेगळें, ऐकून आलेल्याचें वेगळें, हें येथील पोरहि ओळखतें. कॅनडांतील बॅन्फच्या कलाकेंद्राची हकीकत वाचतांना हाच भेद मनांत आला.

१९३३ सालीं आल्बर्टा विद्यापीठानें तेथें नाट्यशाळा काढली. तिचाच विस्तार होऊन तें आज संगीत, चित्र व साहित्य यांचेंहि माहेरघर झालें आहे. जून २०२५ मध्यें सात राष्ट्रांची परिषद कॅनानास्किस येथें भरली. आपले पंतप्रधानहि निमंत्रित होते. जगाच्या वृत्तपत्रकारांचें बिऱ्हाड मात्र या कलाकेंद्रांत पडलें. धुरीण एका दरींत, आणि मोजके वगळतां त्यांचे बखरकार दुसरींत!

कलामंदिर पाहुण्यांस दिलें यांत गैर कांहीं नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. नट व प्रेक्षक समोरासमोर येणें हा नाट्याचा प्राण. येथें प्रेक्षक नाट्यशाळेंत बसले आणि नाटक डोंगरापलीकडे चाललें. अमेरिकेचे अध्यक्ष १६ जूनच्या रात्रींच परतले; सर्वसंमत समग्र जाहीरनामा निघाला नाहीं, निरनिराळ्या विषयांवरील निवेदनें तेवढीं निघालीं. अशा वेळीं चेहऱ्यावरील भाव हीच खरी बातमी, आणि ती निवेदनाच्या कागदावर उमटत नाहीं.

सुरक्षितता हवी, हें मान्य. परंतु साक्षीदार लांब ठेवला कीं वृत्ताची सांगोवांगी होते. कलाकेंद्रानें बसावयास जागा दिली. पाहण्याचा अधिकार देणें तिच्या हातीं नव्हतें, यजमान राष्ट्राच्या होतें.