बालवाडीच्या मुलांसाठी घरच्या कृती : एक परीक्षण

गेल्या दिवाळीच्या सुटीआधी आमच्या परिचयाच्या एका बालवाडीच्या ताईंनी एक संच आमच्या हाती ठेवला. मोठ्या गटातील मुलांनी सुटीत घरी करावयाच्या कृती, २४ पाने, रंगीत छपाई आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चांदणी चिकटवण्यासाठी एक गोल. "यातलं विज्ञान बरोबर आहे का, एवढंच बघून द्या," असे त्यांचे म्हणणे होते. अर्ध्या तासाचे काम म्हणून आम्ही ते घेतले. पुढे अशाच आणखी तीन संचांची पाने मिळवून वाचली, त्यांतील काही कृती शेजारच्या मुलांबरोबर करून पाहिल्या, आणि ते काम हिवाळाभर पुरले. विज्ञानाच्या चुका मोजक्याच सापडल्या. खरी अडचण दुसरीकडे होती, आणि ती शिक्षकांपुढे मांडावी म्हणून हे लिहीत आहोत.

जवळजवळ निम्मी पाने अक्षरे व अंक गिरवण्याची होती. त्यांच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही ती बाजूला ठेवतो. उरलेल्या पानांवर 'करून पाहा' असे शीर्षक होते. ही पाने महत्त्वाची, कारण शाळेतील तीस मुलांच्या गर्दीत जे जमत नाही ते घरी एका मुलाबरोबर जमू शकते. पाणी सांडले तर पुसता येते, वाट पाहायची तर आठ दिवस पाहता येते.

'तरंगते की बुडते' हे पान प्रत्येक संचात असतेच. आमच्या हातातील पानावर दगड, खिळा, नाणे, पान, पीस आणि बाटलीचे बूच अशी सहा चित्रे होती. मुलाने प्रत्येक वस्तू बादलीत टाकायची आणि योग्य चित्राला गोल करायचा. खाली निष्कर्ष छापलेला : 'जड वस्तू बुडतात, हलक्या वस्तू तरंगतात.' हा निष्कर्ष चुकीचा आहे हे आठवीचा विद्यार्थीही सांगेल. पण गंमत अशी, की निवडलेल्या सहा वस्तूंपुरता तो बरोबर ठरतो. म्हणजे वस्तूच अशा निवडल्या आहेत, की निष्कर्षाला कोणी आव्हान देऊ नये. स्वयंपाकघरात चार पावले गेले असते तर चित्र बदलले असते. अख्खे कलिंगड तरंगते आणि चिंचोका बुडतो. सालीसकट संत्रे तरंगते; तेच सोलून टाकले तर वजन कमी होऊनही तळाशी जाते, कारण सालीच्या आतील पांढऱ्या, स्पंजासारख्या भागात हवा असते. स्टीलची वाटी अलगद ठेवली तर तरंगते, कलती केली की बुडते. साध्या पाण्यात बुडलेले अंडे, पाण्यात मीठ ढवळत गेल्यास वर येते. पाच वर्षांच्या मुलाला घनता हा शब्द सांगण्याची काही गरज नाही. पण खोटा नियम तरी का द्यावा? नियम न देता सोललेले संत्रे दिले असते तर मूल विचारात पडले असते, आणि आम्हाला वाटते, त्या पानाचे काम तेवढेच होते.

आता अकराव्या पानाकडे येऊ. ते पान आमच्या मनात घर करून राहिले आहे.

कृती सोपी आहे. दोन वाट्यांत ओला कापूस, प्रत्येकीत मटकीचे पाच दाणे. एक वाटी खिडकीत, दुसरी बंद कपाटात. रोज थोडे पाणी घालायचे आणि आठव्या दिवशी निरीक्षण नोंदवायचे. नोंदीसाठी दोन ओळी तयार होत्या : 'खिडकीतील रोप ____ वाढले. कपाटातील रोप ____ वाढले.' तळाशी बारीक अक्षरांत पालकांना सूचना : 'रोपांना वाढीसाठी सूर्यप्रकाश लागतो हे मुलाला समजावून सांगा.'

शेजारच्या घरी हा प्रयोग मांडला गेला तेव्हा आम्ही अधूनमधून डोकावत होतो. आठव्या दिवशी त्या घरातील पाच वर्षांची मुलगी कपाट उघडून ओरडली, "आमची कपाटातली जिंकली!" आणि खरेच जिंकली होती. कपाटातील रोपे खिडकीतल्यांपेक्षा चांगलीच उंच होती. पिवळट पांढरी, बारीक, टोकाशी मिटलेली इवली पाने. खिडकीतली हिरवी, बसकी, दांडगी. मुलगी पट्टी आणायला धावली. आईने मात्र पान पुढे ओढले आणि पहिल्या रिकाम्या जागी 'चांगले' व दुसऱ्या जागी 'कमी' असे लिहून टाकले. आमची नजर पाहून त्या म्हणाल्या, "अहो, शाळेत हेच लिहायचं असतं. आमचं काहीतरी चुकलं असणार." मुलगी पट्टी हातात घेऊन आईचे लिहिणे पाहत उभी होती.

आईचे काहीच चुकले नव्हते. अंधारात रुजलेले रोप असेच वाढते. बी जमिनीखाली असते तेव्हा त्याच्याजवळ बीजपत्रांतील अन्नाचा साठा तेवढा असतो. तो संपण्यापूर्वी उजेड गाठणे भाग असते, म्हणून रोप सारी पुंजी उंचीवर खर्च करते. पाने उघडणे, हिरवेपणा तयार करणे या गोष्टी पुढे ढकलते. कपाटातल्या रोपाला उजेड सापडतच नाही, म्हणून ते लांबत राहते. आठवडा-दीड आठवडा आणखी ठेवले तर साठा संपतो, आणि रोप कोलमडते. उसळीसाठी फडक्यात बांधलेल्या मटकीचे मोड पांढरेफटक व लांब असतात तेही याच कारणाने. प्रत्येक मराठी घरात हा प्रयोग आठवड्याला एकदा होतो. 'वाढीसाठी सूर्यप्रकाश लागतो' हे दीर्घ मुदतीत खरे आहे. आठव्या दिवशी वाटीत मात्र उलटे दिसते. संच तयार करणाऱ्याने तो प्रयोग एकदाही करून पाहिला नसावा, असे आम्ही खात्रीने म्हणू शकतो.

पण चूक दुरुस्त केली की काम झाले, असे नाही. समजा, सूचनेत 'आठ नव्हे, वीस दिवस थांबा' असे घातले, तरी आईने उत्तर आधी वाचलेलेच असते आणि मुलाने ते वाटीत शोधायचे असते. जे सापडेल ते चूक ठरू शकते अशी व्यवस्था कायमच राहते. ताईंकडे परत आलेल्या पानांवर एकूण एक मुलांची नोंद सारखीच होती : चांगले, कमी. तीस घरांत मटकी एकाच तऱ्हेने उगवली, आणि तीही प्रत्यक्षात उगवते त्याच्या उलट!

मोठ्या माणसाच्या उत्तराला मूल किती सांभाळून असते, याचा एक जुना पुरावा मानसशास्त्रात आहे. जिनिव्हाचे झाँ पियाजे यांचे संख्येच्या आकलनावरील पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील प्रयोग डी.एड. केलेल्या शिक्षकांना पाठ असेल. मण्यांच्या दोन समान ओळी मांडायच्या, दोन्हींत सारखेच मणी आहेत ना असे विचारायचे, मग एक ओळ लांब पसरून तोच प्रश्न पुन्हा करायचा. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले लांब ओळीत जास्त मणी आहेत असे सांगतात. यावरून, या वयात संख्या कायम राहते ही समजच नसते, असा निष्कर्ष निघाला. १९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यात छोटासा बदल केला. ओळ प्रयोगकर्त्याने न पसरवता एका खोडकर टेडी अस्वलाने येऊन विस्कटली. प्रश्न तोच, मणी तेच, मुले ४ ते ६ वर्षांची. नेहमीच्या रीतीने विचारल्यावर फार थोडी मुले बरोबर सांगत होती. अस्वलाने गोंधळ घातल्यावर निम्म्याहून अधिक मुलांनी मणी सारखेच असल्याचे सांगितले. त्यांचा अर्थ असा, की मोठे माणूस मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारते तेव्हा मुलाला वाटते, पहिले उत्तर आता बदलायला हवे. या अर्थावर पुढे मतभेद झाले, अस्वलाने मुलांचे लक्षच विचलित केले असे म्हणणारेही निघाले. परंतु घरात याचा अनुभव कोणीही घ्यावा. मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर भुवया किंचित उंचावून "नक्की?" एवढेच विचारा. किती मुले उत्तर बदलतात ते पाहा.

म्हणून आमची मुख्य तक्रार अशी आहे : हे संच मुलाने काय करावे ते ओळीओळीने सांगतात, पालकाने काय बोलू नये याविषयी मात्र अवाक्षर काढत नाहीत. 'समजावून सांगा', 'लक्षात आणून द्या', 'योग्य उत्तराकडे वळवा' अशी क्रियापदे आम्ही एका संचात १७ वेळा मोजली. 'थांबा' हे एकदाही नव्हते.

बोलण्यातील लहानशा फरकाने कृती किती बदलते याचे एक उदाहरण सापशिडीचे. हा खेळ चारही संचांत 'मनोरंजन' या सदरात आहे, 'गणित' या सदरात नाही. तो का, हे आम्हाला कळले नाही. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्प उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांना १ ते १० अंकांच्या सरळ पट्टीवरचा खेळ दोन आठवड्यांत थोडा थोडा करून एकूण सुमारे तासभर खेळवला. तेवढ्याने मुलांची संख्यांच्या लहानमोठेपणाची जाण सुधारली. अंकांऐवजी रंगांची घरे असलेला तसाच खेळ खेळलेल्या मुलांत तसा फरक दिसला नाही. पुढे २०१४ साली लास्की आणि सीग्लर यांनी १०० घरांच्या पटावर आणखी बारीक गोष्ट तपासली. सोंगटी २३ वर आहे आणि फाशावर २ पडले, तर मूल 'एक, दोन' म्हणत पुढे जाते की घरांवरचे अंक वाचत '२४, २५' म्हणत जाते? दुसऱ्या रीतीने खेळणाऱ्यांना अधिक लाभ झाला. पट तोच आणि वेळही तेवढाच; फरक फक्त तोंडाने काय म्हटले याचा. मराठीत याला आणखी एक पदर आहे. २४ वाचताना आपण 'चोवीस' म्हणतो, म्हणजे चार आधी आणि वीस नंतर, पण लिहितो उलट क्रमाने. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस चार' अशी वाचनाची रीत दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण पटावरच्या घराला बोट लावून आजीबरोबर 'तेवीस, चोवीस, पंचवीस' म्हणणारे मूल ही गाठ आपल्या हाताने सोडवू लागते, आणि त्यासाठी रंगीत पान छापावे लागत नाही.

साहित्याविषयी थोडेसे. आमच्या हातातील संचाला चमकीचा कागद, रंगीत लोकरीचे गोळे, चिकटवायचे डोळे असे बरेच काही विकत आणावे लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत गेले. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. बिया, शिंपले, खडे, पाने यांवर त्यांनी काम चालवले. यात काटकसर होतीच, पण चिंचोका मुलाच्या ओळखीचा असतो, त्याला मुलाविषयी प्रश्न पडत नाहीत आणि मुलाला त्याच्याविषयी पडतात, हेही होते. बाजारातील संच शहरी पालकाला विकायचा असल्याने तो घरातील डबे सोडून दुकानाकडे बोट दाखवतो.

पालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नोकरीवरून सात वाजता परतलेल्या आईपुढे पान येते तेव्हा ते संपवणे हेच तिचे काम होऊन बसते. सुटी संपल्यावर रिकामा गोल घेऊन मुलाला शाळेत पाठवायला कोण धजेल? चांदणी पूर्ण केलेल्या पानाला मिळते, पाहिलेल्या मटकीला मिळत नाही.

ताईंना आम्ही दोनच बदल सुचवले. छापील निष्कर्ष काढून टाकावा. आणि त्या जागी एक रिकामी चौकट ठेवून पालकांना सांगावे की करण्यापूर्वी मूल काय म्हणाले व केल्यानंतर काय म्हणाले ते त्याच्याच शब्दांत लिहा, दुरुस्त करू नका. जानेवारीत त्यांनी मटकीचे पान असे बदलून पुन्हा दिले. तीसपैकी अकरा पाने परत आली. बाकीच्या पालकांना काय लिहायचे ते कळले नाही, किंवा वेळ झाला नाही. त्या अकरांपैकी सहांत कपाटातले रोप उंच असल्याची नोंद होती. एका मुलाने म्हटले होते, ते घाबरून पळत होते. दुसऱ्याने म्हटले, आईने त्याला जास्त पाणी घातले. या दुसऱ्या मुलाला ताईंनी वर्गात विचारले, "मग हे खरं की खोटं, कसं बघायचं?" आणि वर्गाच्या खिडकीत व कपाटात आता मोजून दोन-दोन चमचे पाणी घातलेल्या चार वाट्या आहेत.

चांदण्यांच्या गोलावरून मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही. ताई म्हणतात, तो काढला तर पालक तक्रार घेऊन येतील. बहुधा येतीलच.