एक फोटो, दोन डॉक्टर आणि तुपाचा वाद

२००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये एक छोटासा लेख आला, 'द वाय-वाय पॅराडॉक्स'. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो. बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

फोटो झकास आहे. खटकतं ते त्याला जोडलं जाणारं वाक्य : 'म्हणून तेल-तूप कमी करा.' अहो, त्या लेखाचा विषय आहार नाहीच! खाल्लेले स्निग्ध पदार्थ आणि अंगावरची चरबी या दोन गोष्टी. इंग्रजीत दोन्हींना 'फॅट' म्हणतात, तिथेच घोळ होतो.

लेखक स्वतः सावध आहेत. युडकिन मॅरेथॉन पळतात, याज्ञिकांचं पळणं हॉस्पिटलची लिफ्ट गाठण्यापुरतं, असं त्यांनी गमतीत लिहिलंय. शिवाय याज्ञिकांचं जन्मवजन कमी होतं. म्हणजे व्यायाम, गर्भातलं पोषण, जनुकं, सगळं एकाच फोटोत मिसळलेलं. दोन माणसांवरून कारण ठरत नाही. हे उदाहरण आहे, पुरावा नाही.

पुरावा हवा तर याज्ञिकांच्याच गटाचा २००३चा पेपर वाचा. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली ६३१ बाळं, साउदॅम्प्टनची ३३८. सरासरी वजन २.७ विरुद्ध ३.५ किलो. बाकीची मापं बरीच कमी, पण खांद्याच्या हाडाखाली चिमटीत मोजलेली चरबी त्या मानाने टिकून. तीही तुपाचा थेंब तोंडात जायच्या आधी! (चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी, पोटातली नव्हे, हे विसरू नका.)

मग खाण्यातल्या फॅटचं काय? एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी, कर्बोदकांना ४. मिसळीवरच्या तर्रीचा हिशोब त्यातून सुटत नाही. पण २०१८च्या डाएटफिट्स प्रयोगात ६०९ जणांपैकी कमी फॅट खाणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं ६ किलो. फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही. दोन्ही गटांना साखर-मैदा टाळायला, भाज्या वाढवायला सांगितलं होतं, हे सांगताना लोक गाळतात.

आणि प्रवेशाची अट बघा : बीएमआय २८ ते ४०. २२.३वाल्या याज्ञिकांना त्या प्रयोगात घेतलंच नसतं. त्यामुळे नाशिकच्या सडपातळ दिसणाऱ्या माणसाला तूप किती चालेल, हे या दोन्ही कागदांवरून सांगता येत नाही. असा अभ्यास करायचा असेल तर प्रपोजलमध्ये नुसता वजनकाटा लिहू नका. कंबरेची टेप तरी हवीच, डेक्सा मिळालं तर उत्तम.